नाईकांची येळवस

ही हकीकत अजून घडायची आहे. पण कासारवळणचे लोक ती आत्तापासूनच घडून गेल्यासारखी सांगतात, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणून इथंही तसंच.

तर त्या साली थंडी वेळेवर पडली, हरभऱ्याला घाटे वेळेवर लागले, गफूर शेखची अडेलतट्टू म्हैससुद्धा कधी नव्हे ती वेळेवर व्याली. नाईक तेवढे आले नाहीत.

नाईक म्हणजे पोलिसातले नव्हेत. हिमालयापलीकडून उडत येणारा, हंसाच्या कुळातला पट्टकादंब नावाचा पक्षी. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. दोन फिती म्हणजे नाईक, असा हुद्दा महानंदाबाई बिराजदारांनी त्यांना फार पूर्वी बहाल केला होता आणि गावानं तो मुकाट्यानं मान्य केला होता. कारण महानंदाबाईंचं म्हणणं अमान्य करायची हिंमत पंचक्रोशीत कुणाला नव्हती. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून काढलेली ही बाई. तालुक्यातल्या निम्म्या लोकांना तिनं जगात आणलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना सुई टोचली होती. आमदारसुद्धा तिच्यासमोर खुर्चीवर जरा तिरके बसत. नोकरी संपताना दवाखान्यानं शाल-नारळाची तयारी केली, तेव्हा ती म्हणाली होती, "शाली घरात ढीगभर हाईत. दुर्बीण द्या." दिली. न देऊन सांगतात कुणाला?

गावाच्या खालच्या अंगाला गायरानाचं मोठं कुरण आहे. पावसाळा सरता सरता धरण तुडुंब भरतं, पाणी मागं रेटत रेटत कुरणात शिरतं आणि होळीपर्यंत तिथून हलत नाही. गुडघाभर पाणी, पाण्यात बुडालेलं गवत, गवतात किड्यांची जत्रा. म्हणून हिवाळाभर तिथं पाखरांचं संमेलन भरतं. चिखल चाळणारे थापटे, तांबड्या काटकुळ्या पायांचे शेकाटे, चोचीचा चमचा पाण्यात ढवळत फिरणारे चमचे, आणि सगळ्यांच्या मधोमध, रुबाबात, नाईक. गाववाले सांगतात, एका हिवाळ्यात इतकी पाखरं उतरली की त्यांच्या वजनानं पाणी वर चढून मारुतीच्या पायरीला लागलं. आता ह्यात थोडी अतिशयोक्ती असेलही. पायरीला नसेल लागलं, पायरीपर्यंत आलं असेल.

त्या साली मात्र कुरण नुसतंच चकाकत पडलं होतं.

एका संध्याकाळी महानंदाबाई बांधावर दुर्बीण लावून बसली होती आणि शेजारच्या शेतातला गफूर तिच्या डब्यातले शेंगदाणे खात होता.

"आले!" ती ओरडली. "गफूर, वर बघ."

उत्तरेच्या आभाळात एक वाकडी रेघ उमटली. आं-आं-आं असा ओळखीचा गलका कानावर आला. सगळ्यात पुढं थोरली होती. तिच्या उजव्या पंखातलं एक पीस कायमचं वाकडं झालेलं, म्हणून ती लांबूनही ओळखू यायची. थवा कुरणावर झुकला, पाय खाली सोडले, आणि एकाएकी भिंत लागल्यासारखा बिचकला. रेघ मोडली. पाखरं एकमेकांवर आदळायची राहिली. थोरलीनं मान इकडं वळवली, तिकडं वळवली, दोन घिरट्या घातल्या, आणि सगळा थवा कलकलाट करत पूर्वेला निघून गेला.

"पाहुणा उंबऱ्याला आला अन् माघारी फिरला," गफूर म्हणाला. "मावशी, तुम्ही काही बोललाव का त्यांला?"

"मी कशाला बोलू? तुझं थोबाड बघून गेले आसतील."

पण ती हसली नाही. तिनं दुर्बीण हळूहळू फिरवली आणि आपल्या शेताच्या कोपऱ्याला लागून, कुरणाच्या काठी नव्यानं उभ्या राहिलेल्या खांबावर आणून थांबवली. खांबाच्या टोकाला मंद निळा दिवा लागला होता. खाली पत्र्याची केबिन होती. केबिनमध्ये कंपनीचं पिवळं जाकीट घालून तिचा मुलगा उमाकांत बसला होता.

रात्रीच्या जेवणाला तिनं भाकरी त्याच्या ताटात वाढली नाही, टाकली.

"उमाकांता, तुझा खांब काय करूलालाय रे?"

"माय, खांब नव्हं. दिशादीप म्हणतेत त्याला."

"दीप म्हण नाहीतर दगड म्हण. काय करतंय ते सांग."

उमाकांत हुशार पोरगा. त्यानं नीट समजावून सांगितलं, आणि तेच त्याचं चुकलं.

विज्ञान असं होतं. पाखरांच्या डोळ्यात क्रिप्टोक्रोम नावाचं एक प्रथिन असतं. त्यावर निळा उजेड पडला की त्यातली इलेक्ट्रॉनांची एक जोडी फुटते आणि दोघं आपापली फिरकी घेत राहतात. ही फिरकी पृथ्वीच्या चुंबकत्वाला इतकी हळवी असते, की पाखरू उत्तरेकडं वळलं की त्याला समोरच्या देखाव्यावर एक फिकट छटा चढलेली दिसते. आपल्याला जशी सांज दिसते, तशी पाखराला उत्तर दिसते. बारीक रेडिओलहरींनी ही छटा विस्कटते, एवढं शास्त्रज्ञांना पूर्वीच कळलं होतं. कंपनीनं पुढचं पाऊल टाकलं: विस्कटायची कशाला, हवी तशी रंगवावी. कुरणाभोवती तीन खांब रोवायचे, त्यांवरून एकमेकींना छेदणाऱ्या लहरी सोडायच्या, वर निळा दिवा लावायचा, की आभाळात खोटी उत्तर तयार. मग पाखराचे डोळे सांगतात कुरण इथंच आहे, आणि छटा सांगते इथं नाही. पाखरू छटेचं ऐकतं. हिमालयावरच्या ढगांत, जिथं डोळ्यांना काही दिसत नाही, तिथं त्याला पिढ्यान्‌पिढ्या त्या छटेनंच तारलेलं असतं.

"म्हंजे ज्याच्यावर त्यांचा सगळ्यात जास्ती विश्वास, त्याच्यातच तुम्ही खोट घातलाव," महानंदाबाई म्हणाली.

उमाकांत भाकरी मोडत राहिला. पाखरं विमानांना धडकू नयेत, म्हणून ह्या यंत्राला परवाना मिळाला होता. इथून विमानतळ कित्येक कोस लांब. पण पूर्वेला कंपनीचं स्वतःचं तळं होतं. काचेच्या उबदार गॅलरीत बसून, कॉफी पीत पाखरं बघायची तिथं सोय होती, आणि काचेपुढं पाखरं हवी होती.

"अन् कुरणाचं काय?"

"तपासणी हाय," तो ताटाकडं बघत म्हणाला. "सरकारी समितीला हिवाळी पाखरं दिसली न्हाईत, तर कुरण पाणथळीतून वगळतेत. मग बांध घालून पाणी अडवणार, भराव टाकणार. तिथं हॉटेल व्हणार म्हणतेत."

महानंदाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"मी बंद कर म्हणणार न्हाई," महानंदाबाई म्हणाली. "तुझ्या हातापाया पडायची मला सवय न्हाई."

"माय, पुण्यात इतकी वर्षं धक्के खाल्ले तवा कुठं गावात नोकरी गावली. ही गेली तर मला परत जावं लागंल. तू एकटी पडशील."

"एकटी कशी? नाईक हाईत की. म्हंजे, होते."

जरा वेळानं तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "एवढा उंच खांब. त्याच्यावर विमानाला दिसायला तांबडा दिवा नसतोय का?"

"हाय की. पण खालून झाकलाय. तांबड्या उजेडात ते प्रथिन झोपी जातंय. मग पाखराला खरी उत्तर दिसत न्हाई अन् खोटीपण दिसत न्हाई. आपलं डोळ्यानं बघून उतरतंय ते."

"किती तांबडा लागतो?"

"आभाळभर." उमाकांत हसला. "तेवढा दिवा कुठून आणणार?"

महानंदाबाई काही बोलली नाही. तिनं त्याला आणखी अर्धी भाकरी वाढली, ह्या खेपेला हळुवार हातानं. इथं खरं तर त्यानं सावध व्हायला हवं होतं. ही बाई गप्प बसायची ती फक्त सुई भरताना.

आता समितीची तारीख कशी ठरली, ते ऐकण्यासारखं आहे.

कंपनीचे डायरेक्टर निहार सबनीस आदल्या हिवाळ्यात एकदा लातूरला आले होते. शहरात शिरतात तर काय, दुकानं बंद, रस्ते ओस, चहाची टपरी बंद, पंक्चरवाला गायब. माणूस म्हणून दिसेना. सबनीस उपाशीपोटी पुण्याला परतले आणि त्यांनी मनाशी पक्की खूणगाठ बांधली: ह्या जिल्ह्यात मार्गशीर्ष अमावास्येला सगळे झोपलेले असतात. तेव्हा तपासणी नेमकी त्याच दिवशी दुपारी ठेवायची. बघायला कुणी नाही, बोलायला कुणी नाही; समितीनं रिकामं कुरण पाहायचं, सही करायची, दिवस मावळायच्या आत परत. समितीला काय, कुठलाही दिवस चालत होता.

सबनिसांना एवढंच कळलं नव्हतं, की ती येळवस होती. त्या दिवशी सगळं शहर शेतात असतं. ज्याला शेत नाही तो मित्राच्या शेतात, ज्याला मित्र नाही तो दिसेल त्याच्या शेतात. कडब्याचं खोपट, म्हणजे कोप, उभी करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पुजायचे, मग डाळीच्या पिठात शिजवलेली मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि मडकं भरभरून आंबील. वाटेनं जाणारा परका माणूस न जेवता शेतापुढून गेला, तर त्या घराची मान वर्षभर खाली. आणि दिवस मावळला की हेंडगा: कडब्याची जाडजूड पेंढी पेटवायची, खांद्यावर घ्यायची आणि शेताच्या चारी बांधांवरून पळत फिरवायची.

हेंडगा मात्र अलीकडं विझत चालला होता. लोक पेंढीऐवजी मोबाईलचा उजेड फिरवून फोटो काढत. त्यात त्या साली वरून हुकूम आला, की कुरणाच्या आसपास शेतात आग लावायला बंदी. हुकूम कुणाच्या सांगण्यावरून निघाला, हे विचारायची गरज नव्हती.

महानंदाबाईनं काठी उचलली आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी गावोगाव निघाली.

"मावशी, केस होईल," पहिल्याच दिवशी गफूर म्हणाला.

"होऊ दे. एकट्यानं हुकूम मोडला तर केस होती. सगळ्या शिवारानं मोडला तर साहेब लोक कागद कुठं ठेवला तेच विसरतेत."

"पण पाखरं जाळाला भ्याली तर?"

"तुझ्या आज्यापासून हेंडगे बघूलालेत ती. पाण्यात मधोमध बसून बघायची, आपण नाटक बघतो तसं. थोरलीला इचार."

कुणी काचकूच केली की ती त्याला जन्माच्या वेळची हकीकत सांगायची, तीही बायकोसमोर. एका सरपंचाला तर तिनं चारचौघात आठवण करून दिली, की धनुर्वाताचं इंजेक्शन घेताना त्यानं तिचा पदर धरून कसा हंबरडा फोडला होता. सरपंचानं तिथल्या तिथं गाडीभर कडबा कबूल केला. येळवस जवळ आली तेव्हा पाण्याच्या चारी बाजूंनी, जिथवर नजर जाईल तिथवर, बांधाबांधावर पेंढ्या रचलेल्या होत्या. गुरांनी त्यांच्याकडं बघून सुस्कारे टाकले म्हणतात.

उमाकांत हे सगळं केबिनमधून पाहत होता. त्याला कळत होतं. तो कंपनीला काही बोलला नाही, आईलाही काही बोलला नाही. दोघं एका घरात राहून एकमेकांना टाळून जेवत होते.

येळवशीच्या सकाळी समितीची गाडी आली, गाडीत सबनीसही होते. समितीच्या प्रमुख डॉ. हेमलता पागे: पाखरांवर हयात घालवलेली, शिडशिडीत, कमी बोलणारी बाई. गाडी शिवेवर पोचली आणि पहिल्याच शेतात अडवली गेली.

"बाई, दोन घास."

"आम्ही कामावर आहोत," सबनीस म्हणाले.

"आज कुणाला काम आसतंय?" शेतकऱ्याला खरंच कळेना.

भज्जी खाल्ली. पुढच्या शेतात उंडे. त्याच्या पुढच्या शेतात पुन्हा भज्जी, कारण "त्यांच्याकडची खाल्लाव अन् आमच्याकडची न्हाई?" प्रत्येक शेतात आंबील. आंबील चवीला ताकासारखी साळसूद असते, पण पोटात उतरली की पापण्यांना वजन बांधते. महानंदाबाईच्या शेतापर्यंत पोचायला दुपार कलली. तिथं तिसऱ्या तांब्यानंतर डॉ. पागे म्हणाल्या, "पाच मिनिटं टेकते हं," आणि कोपेतल्या कडब्यावर आडव्या झाल्या त्या घोरायलाच लागल्या. सबनीस घड्याळ बघत येरझारा घालत राहिले. त्यांना उठवायचं कसं? महानंदाबाई कोपेच्या दारात काठी आडवी धरून बसली होती.

"पाहुणी झोपलीय," ती म्हणाली. "आवाज नगं."

सूर्य पाण्याला टेकला. थंडी उतरली. पूर्वेकडून, काचेच्या तळ्याच्या दिशेनं, आभाळात वाकडी रेघ उमटली. रोजच्यासारखी. अन्न शोधत रोज यायचं, रोज फसायचं, रोज परत जायचं. खांबांवरचे निळे दिवे लागले.

महानंदाबाई उठली. तिच्या शेताचा हेंडगा फिरवायचा नवरा कधीच गेला होता आणि मुलगा खांबाखाली होता. तिनं स्वतःच पेंढी काठीवर चढवली, काडी ओढली आणि घसा ताणून हेंडग्याची आरोळी ठोकली.

"ओलग्या ओलग्या!"

बांधावरून गफूरनं आरोळी झेलली, त्याच्याकडून पलीकडच्यानं. एक जाळ, मग दुसरा, मग मोजता येईनात इतके. पाण्याभोवती आगीचं कडं फिरू लागलं. थंडीनं दाबून धरलेला धूर वर जाईना. तो छतासारखा कुरणावर पसरला आणि खालच्या जाळानं तांबडालाल झाला. पाणी तांबडं, धूर तांबडा, गफूरच्या म्हशीचे डोळे तांबडे. त्या उजेडात शेजारच्या तालुक्यातल्या कोंबड्या आरवल्या असं सांगतात. तालुक्याचं खात्रीनं सांगता येत नाही, पण आरवल्या.

थवा कुरणावर आला आणि बिचकला नाही. तो हलकेच खाली आला, वर गेला, पुन्हा खाली आला.

कोपेच्या मागं सबनीस फोनवर दबक्या आवाजात ओरडत होते. जळत आलेली पेंढी बदलायला आलेल्या महानंदाबाईला सगळं ऐकू येत होतं.

"उमाकांत, निळा पूर्ण कर! तिन्ही खांब, पूर्ण ताकद! अजून धुराच्या वर आहेत ते. आत्ता केलंस तर वळतील!"

महानंदाबाईच्या हातातली पेंढी धडधडत होती. तिनं केबिनकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते हातापाया पडल्यासारखं झालं असतं.

"उमाकांत! ऐकू येतंय का?"

"येतंय साहेब." फोनमधला आवाज शांत होता. "पण आज येळवस हाय. आज आमच्याकडं कुणी कामावर नसतंय."

आणि तिन्ही निळे दिवे विझले.

थोरली सगळ्यात आधी उतरली. वाकडं पीस फाकवून, पाय पुढं ताणून, पाण्यावर लांबलचक चरा ओढत ती मधोमध थांबली, मान उंच केली, आणि आगीच्या कड्याकडं जुन्या ओळखीच्या नजरेनं पाहिलं. मग तिच्यामागून सगळे नाईक धपाधप पाण्यात कोसळले. गलका असा उठला की डॉ. पागे केसांत कडबा अडकलेल्या अवस्थेत कोपेबाहेर धावत आल्या.

"कोण आलंय?"

"नाईक," महानंदाबाई म्हणाली आणि दुर्बीण त्यांच्या हातात दिली.

डॉ. पागेंनी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. बराच वेळ त्या चिखलात फतकल मारून नुसत्या बघत होत्या. शेवटी दुर्बीण खाली न करताच म्हणाल्या, "सबनीस, हे तीन खांब कशाचे आहेत, ते मला आता जरा सविस्तर सांगा."

महानंदाबाई तोवर लंगडत बांधाला लागली होती. अर्ध्या वाटेवर कुणीतरी तिच्या हातातली पेटती पेंढी काढून घेतली. उमाकांत होता. पिवळं जाकीट अंगावर नव्हतं.

"उशीर केलास," ती म्हणाली. "आंबील संपली."

तो हेंडगा खांद्यावर घेऊन पळत सुटला. बापासारखाच पळत होता, कोपर बाहेर काढून. तो चारी बांध फिरून धापा टाकत परत आला, तेव्हा ती कोपेत जाऊन कडब्याखाली दडवलेलं मडकं घेऊन आली.

"आता पुण्याला जावं लागंल, माय," आंबील पिऊन झाल्यावर तो म्हणाला.

"जा की. पण हिवाळ्यात येत जा. ती हिमालय ओलांडून येतेत. तुला एक पुणं ओलांडता येईना का?"

कुरण पाणथळच राहिलं. तिन्ही खांब उपटले गेले. त्यातल्या एकाच्या टोकावर सध्या पाणकावळा पंख वाळवत बसतो, कारण तो खांब गफूरनं गोठ्याला लावलाय. नाईकांनी आल्या आल्या महानंदाबाईचा सगळा हरभरा घाट्यांसकट साफ केला. तिनं बांधावर उभं राहून त्यांना अशा शिव्या घातल्या, की निदान तीन पिढ्यांची बढती थांबावी.

माघ सरता सरता तिला नोटीस आली: बंदी हुकूम मोडून शेतात आग लावल्याबद्दल खुलासा करावा. तिनं ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, कागद अंगठ्यानं चाचपून पाहिला, जाड आणि चांगला कोरडा होता. मग घडी घालून तो चुलीवरच्या फळीवर, काड्यांच्या पेटीखाली जपून ठेवला. पुढच्या येळवशीला पहिला जाळ धरायला असाच कागद लागतो.